जुन्या हवेलीचे सांस्कृतिक केंद्र पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या धनाढ्य कुटुंबाने हौसेने हवेली बांधली, भोवती बाग केली, तबेले आणि नोकरांच्या खोल्या उभ्या राहिल्या. पुढे कुटुंब पांगले, छत गळू लागले, आणि बऱ्याच वर्षांनी कुणीतरी ती वास्तू सावरून लोकांसाठी खुली केली. अशा कितीतरी घरांमध्ये आज मैफली होतात, प्रदर्शने भरतात, लेखक आणि चित्रकार मुक्कामाला येऊन काम करतात. तिथे जाणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे थोडी सविस्तर आहेत, कारण अशा घरातल्या जवळजवळ प्रत्येक मनाईमागे लाकूड, चुना, कापड किंवा उजेड यांच्याशी निगडित कारण असते. ते कारण माहीत असले की घर जास्त चांगले पाहता येते.

हे संग्रहालय असते की कार्यक्रमांचे ठिकाण?

बहुतेक ठिकाणी दोन्ही. संग्रहालयात वस्तू काचेच्या पेटीत असतात. इथे घर हीच मुख्य वस्तू असते आणि आपण तिच्या आत चालत असतो. कोलकात्यातली जोडासांकोची ठाकूरबाडी घ्या. रवींद्रनाथ १८६१ मध्ये याच घरात जन्मले आणि १९४१ मध्ये याच घरात गेले. पुढे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या रवींद्र भारती विद्यापीठाशी ही वास्तू जोडली गेली. रोममधल्या व्हिला मेदिचीत १८०३ पासून फ्रेंच अकादमी आहे, आणि कलाकार आजही तिथे राहून काम करतात. कॅलिफोर्नियातला व्हिला मोंताल्वो १९१२ मध्ये जेम्स फेलन यांनी बांधला. ते सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर होते, नंतर सिनेटर झाले. त्यांच्या मागे हे घर कलांसाठी राखले गेले. अर्जेंटिनात सान इसिद्रो इथे लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांचे घर आहे. त्यांनी आणि त्यांच्या बहिणीने ते १९७३ मध्ये युनेस्कोला देऊन टाकले. १९२४ मध्ये आजारी रवींद्रनाथांची ज्यांनी सान इसिद्रोतच राहण्याची सोय केली, त्या याच ओकाम्पो.

घर वापरात राहिले तर टिकते, हे केवळ भावनेने म्हटलेले नाही. वास्तुजतनाचा जगभर आधार मानला जाणारा १९६४ चा व्हेनिस जाहीरनामा हेच सांगतो: समाजोपयोगी वापरामुळे जतनाला मदतच होते, मात्र त्या वापरापायी वास्तूची रचना आणि सजावट बदलता कामा नये. तुमच्या भेटीत जे काही नियम आडवे येतील, ते बहुतेक या वाक्याच्या उत्तरार्धातून आलेले असतात.

आधी बुकिंग करावे लागते का?

करावे. आणि वेळापत्रक पाहताना फक्त उघडण्याची वेळ पाहू नका, त्या दिवशीचे कार्यक्रमही पाहा. संध्याकाळी मैफल असेल तर दिवाणखाना दुपारपासूनच खुर्च्यांनी भरलेला असतो, आणि तुम्ही ज्या नक्षीदार जमिनीसाठी आलात ती दिसतच नाही.

एका वेळी ठरावीकच माणसे वर सोडतात, यावर पुष्कळ जण नाराज होतात. माडीची जमीन लाकडी तुळयांवर उभी असते. ती एका कुटुंबाच्या वावरासाठी, कपाटे-पलंगांच्या वजनासाठी बांधलेली होती. पन्नास माणसे एकाच झुंबराखाली गोळा होऊन वर पाहू लागली की तो भार तुळयांच्या मध्यावर येतो. शिवाय जमीन किंचित लवते, आणि खालच्या खोलीच्या छतावरच्या गिलाव्याला त्यामुळे तडे जाऊ शकतात. म्हणून जिन्यापाशी थांबवले तर समजून घ्या. खाली तोवर पाहण्यासारखे बरेच असते.

किती वेळ काढून जावे?

घराला दोन तास, बाग मोठी असेल तर अर्धा दिवस. दोनच खोल्या नीट पाहून झाल्या तरी भेट सार्थकी लागली असे मी मानतो.

मार्गदर्शकाबरोबर फिरावे की आपले आपण?

पहिल्यांदा जात असाल तर मार्गदर्शकाबरोबर, आणि मग वेळ उरला तर पुन्हा एकट्याने. मार्गदर्शकाला सनावळी विचारण्यापेक्षा ‘हे काम करताना सगळ्यात अवघड काय गेले?’ असे विचारून पाहा. छताची कोणती बाजू सडली होती, जुन्या रंगाचा थर कुठे सापडला, कोणत्या दाराने महिनाभर दाद दिली नाही, अशी माहिती पाटीवर नसते. ती सांगायला त्यांना मनापासून आवडते.

समोर दिसते ते सगळे मूळचे आहे का?

नाही, आणि तसा दावा करणाऱ्या ठिकाणाबद्दल मला थोडी शंकाच येते. व्हेनिस जाहीरनाम्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. जिथे पुरावा संपतो आणि अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आणि नव्याने बसवलेला भाग एकूण वास्तूशी जुळणारा हवा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखता आला पाहिजे.

हे स्वतः पडताळून पाहता येते. नक्षीदार खांबांची रांग असेल तर एकेका खांबाजवळ जा. जुन्या खांबाच्या कडा हातांनी आणि वर्षांनी गोलसर झालेल्या असतात, रेषांत रंगाचे जुने थर अडकलेले असतात. नव्या जोडाच्या कडा अजून धारदार असतात. तळाशी पाहा: खांबाचा ओलाव्याने कुजलेला खालचा हातभर भाग कापून तिथे नवे लाकूड सांधलेले दिसेल. त्या सांध्याची तिरपी रेष अगदी जवळ गेल्यावरच दिसते, आणि ती तशी दिसावी म्हणूनच ठेवलेली असते. चांगल्या सुताराची सही मला तिथेच दिसते.

किती नवे करावे यावर तज्ज्ञांतही एकमत नाही, आणि इंग्लंडमधली दोन घरे त्याची साक्ष देतात. दोन्ही नॅशनल ट्रस्टची, म्हणजे जुन्या वास्तू जतन करणाऱ्या तिथल्या संस्थेची. अपपार्क या घराला ऑगस्ट १९८९ मध्ये आग लागली. छतावर शिशाच्या पत्र्याची दुरुस्ती चालू होती आणि त्या कामातल्या बर्नरमुळे ती पेटली. काम आटोपत आले असतानाच हे घडले. आतल्या बऱ्याच वस्तू लोकांनी बाहेर काढून वाचवल्या होत्या. ट्रस्टने घर पूर्वी होते तसे पुन्हा उभे केले आणि १९९५ मध्ये ते खुले झाले. त्या कामात गिलाव्याची फुलेपाने हाताने घडवणे, कोरीवकाम करणे ही जवळपास विस्मृतीत गेलेली कौशल्ये कारागिरांना पुन्हा हस्तगत करावी लागली. दुसरे घर क्लँडन पार्क. ते एप्रिल २०१५ मध्ये विजेच्या बिघाडाने जळाले, बहुतेक खोल्यांच्या नुसत्या विटांच्या भिंती राहिल्या. तिथे मात्र ट्रस्टने पुढे असे ठरवले की आतला भाग जुन्यासारखा करायचा नाही. उघड्या पडलेल्या भिंतीच लोकांना दाखवायच्या, म्हणजे घर कसे बांधले होते ते कळेल. माझा कल अपपार्ककडे आहे, कारण तिथे हातांना काम मिळाले आणि विद्या जिवंत झाली. पण क्लँडनच्या निर्णयात प्रामाणिकपणा आहे हेही मानावे लागते.

खोल्यांत इतका अंधार का असतो? पडदे उघडत का नाहीत?

उजेडाने होणारे नुकसान साठत जाते आणि ते कधीही भरून येत नाही. रेशमी पडदा, गालिचा, जलरंगातले चित्र, हस्तलिखित यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड पडू नये असा संवर्धनातला संकेत आहे. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालते. भर उन्हात हाच आकडा १ लाखाच्या आसपास जातो. म्हणजे खिडकीतून आलेला उन्हाचा एक पट्टा रेशमाला किती महागात पडतो याचा अंदाज येईल.

आत गेल्यावर दोन-तीन मिनिटे नुसते उभे राहा. डोळे सरावतात आणि रंग हळूहळू वर येतात. विजेच्या आधी ही घरे संध्याकाळी अशाच मंद उजेडात वापरली जात होती. भिंतीवरचा सोनेरी वर्ख आणि समोरासमोर लावलेले आरसे त्यासाठीच असतात: थोडा उजेड खेळवून वाढवायचा. पुष्कळशा सजावटीचा अर्थ अंधुक खोलीतच लागतो.

फोटो काढता येतात का?

स्वतःसाठी, फ्लॅशशिवाय, बहुतेक ठिकाणी येतात. फ्लॅशने नक्की किती हानी होते यावर मतभेद आहेत, पण शेजारी शांतपणे पाहणाऱ्या माणसाला त्याचा त्रास होतो यावर नाहीत. ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिकला मनाई असते, कारण मागे सरकताना त्या कशाला तरी लागतात. ड्रोन, जाहिरातीचे चित्रीकरण, लग्नाआधीचे फोटोशूट यांसाठी वेगळी लेखी परवानगी घ्यावी लागते. फाटकावर येऊन विनंती करू नका. तिथल्या माणसाच्या हातात ते नसते.

हात लावू नका, चपला काढा, सॅक पुढे घ्या… एवढी बंधने कशासाठी?

एका हाताने काही होत नाही, हे खरे आहे. पण त्या कठड्याच्या एकाच मुठीवर दिवसभर शेकडो हात पडतात. घामातले क्षार आणि तेल वर्खावर, पितळेवर, कापडावर राहतात. वर्ख तर इतका पातळ असतो की नुसत्या घासण्यानेही जातो. अशा घरात वर्खाची चौकट पाहिलीत तर माणसाच्या हाताच्या उंचीवर तो विरळ झालेला आणि वर तसाच चमकणारा दिसेल.

पादत्राणांचा मुद्दा खड्यांचा आहे. तळव्याला चिकटून आलेली वाळू लाकडी जमिनीवर पॉलिशपेपरसारखी काम करते. टोकदार टाचांचे बूट त्याहून वाईट: अंगाचे सगळे वजन नखाएवढ्या जागेवर येते आणि लाकडात कायमचा खळगा पडतो. सॅक पाठीवर असली की तिची रुंदी आपल्याला जाणवत नाही; वळताना ती नेमकी मेजावरच्या फुलदाणीच्या उंचीवर असते.

दोरीपलीकडच्या खुर्चीवर बसू नये हे सांगायला नको, पण दमला असाल तर निःसंकोच सांगा. बसण्यासाठी वेगळ्या खुर्च्या असतात, आणि काही केंद्रांत कापडाचे, लाकडाचे नमुने मुद्दाम हाताळण्यासाठी ठेवलेले असतात.

एवढा खर्च करून भिंतींना ओल आणि पोपडे का दिसतात?

हा प्रश्न मला फार आवडतो. जुन्या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या आणि चुन्यानेच गिलावा केलेल्या असतात. चुन्याची भिंत श्वास घेते: ओल आत शिरते आणि तशीच बाहेर पडून वाळते. मधल्या काळात अनेक घरांची दुरुस्ती सिमेंटने झाली. सिमेंट कडक आणि घट्ट असते. ओल त्याच्या मागे कोंडली जाते, वाट काढत वर चढते, क्षार विटांत स्फटिक होऊन त्यांचा भुगा करतात, आणि तुळईचे भिंतीत रुतलेले टोक कुजायला लागते. बाहेरून सगळे ठणठणीत दिसत असते.

म्हणून जीर्णोद्धारातले पहिले मोठे काम बरेचदा सिमेंट खरवडून काढण्याचे असते. त्यानंतर भिंत वाळायला खूप काळ जातो, आणि त्या काळात ती डागाळलेली दिसते. चुन्याचा नवा गिलावाही सावकाशच घट्ट होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पुन्हा दगड बनतो आणि त्याला घाई चालत नाही. तेव्हा पोपडे दिसले म्हणजे निष्काळजीपणा झाला असे धरून चालू नका. मार्गदर्शकाला विचारा, भिंत वाळते आहे की कुजते आहे, हे त्यांना नेमके ठाऊक असते.

काही खोल्या रिकाम्या का असतात?

सामान लिलावात गेलेले असते, वारसांनी वाटून घेतलेले असते किंवा चोरीला गेलेले असते. त्या जागी त्याच काळातले दुसरे सामान आणून ठेवायचे की खोली रिकामी ठेवायची, हा केंद्राचा निर्णय. बॉस्टनमध्ये इझाबेला स्टुअर्ट गार्डनर यांनी १९०३ मध्ये आपले घर-संग्रहालय खुले केले आणि मांडणी बदलू नये अशी अट मृत्युपत्रात घातली. १९९० मध्ये तिथून १३ कलाकृती चोरीला गेल्या. चित्रांच्या काही रिकाम्या चौकटी आजही भिंतीवर आहेत.

नोकरांच्या खोल्या, स्वयंपाकघर पाहता येते का?

येत असेल तर चुकवू नका, खरे तर तिथूनच सुरुवात करा. वेल्समधल्या एर्डिग या घरात पाहुण्यांना मागच्या बाजूने, नोकरांच्या वावरातून आत नेण्याची पद्धत नॅशनल ट्रस्टने पाडली. त्या घराच्या मालकांनी अठराव्या शतकापासून आपल्या नोकरांची चित्रे, आणि पुढे छायाचित्रे, कवितांसह जपली होती. बहुतेक घरांत असे काही नसते. तिथे अरुंद मागचा जिना, घंटांच्या तारा, चुलीच्या धुराने काळवंडलेली तक्तपोशी एवढाच पुरावा उरतो. दोन्ही जिने चढून पाहा. पुढच्या जिन्याच्या पायऱ्या रुंद आणि बुटक्या असतात, मागच्या उंच आणि निमुळत्या. पाण्याच्या बादल्या याच जिन्याने वर जात होत्या.

हे वैभव कोणत्या पैशावर उभे राहिले, हेही अवश्य विचारा. जमीनमहसूल, अफू, गुलामांच्या श्रमावरची साखर, खाणी: उत्तर नेहमी सुखावणारे नसते. लंडनमधल्या केनवुड हाउसमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड राहत. इंग्लंडच्या भूमीवरून गुलामाला बळजबरीने बाहेर नेता येणार नाही असा १७७२ चा निकाल त्यांचा. त्याच घरात डायडो एलिझाबेथ बेल वाढली. ती त्यांच्या भाच्याची मुलगी, आणि तिची आई गुलामगिरीतली आफ्रिकी स्त्री होती. एका घरात किती गोष्टी एकत्र नांदत असतात! जे केंद्र हे मोकळेपणी सांगते, त्याच्या इतर पाट्यांवरही माझा विश्वास बसतो.

लहान मुलांना न्यावे का?

आधी विचारून घ्या. काही ठिकाणी वयाची अट असते. नेलेत तर सगळ्या खोल्या दाखवण्याचा हट्ट धरू नका. ‘या घरात पाणी कुठून यायचे?’, ‘रात्री दिवा कोण लावायचे?’ असा एक प्रश्न मुलांना द्या आणि उत्तर शोधू द्या. कंटाळा आला की बागेत सोडा.

व्हीलचेअरवरून किंवा गुडघेदुखी असताना जाता येईल का?

तळमजला आणि बाग बहुधा जमते. माडीबद्दल फोन करून नेमके विचारा. उंच उंबरे, अरुंद दारे आणि वळणाचे जिने ही अडचण खरी आहे, आणि लिफ्टसाठी मूळ तुळया कापायच्या का, हा पेचही खरा आहे. पण ‘वास्तू जुनी आहे, इलाज नाही’ हे उत्तर मला पटत नाही. काढून ठेवता येणारा रॅम्प, मागच्या नव्या भागात बसवलेली लिफ्ट, वरच्या खोल्यांचा व्हिडिओ, यांपैकी काहीतरी प्रत्येक ठिकाणी शक्य असते. लिफ्ट आहे का, एवढेच विचारू नका. दाराची रुंदी, पायऱ्यांची संख्या आणि स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे, तेही विचारा.

बागेत काय पाहावे?

घर बागेकडे कोणत्या खिडकीतून पाहते ते आधी शोधा. बागेची आखणी बहुधा त्या खिडकीपासून सुरू होते. वॉशिंग्टनमधल्या डंबार्टन ओक्सची बाग बिॲट्रिक्स फॅरँड यांनी आखली. घराजवळ ती काटेकोर, चौकोनी आहे आणि उतारावरून खाली जाता जाता सैल होत रानात मिसळते. घराचे मालक असलेल्या ब्लिस दांपत्याने १९४० मध्ये ही वास्तू हार्वर्डला दिली, आणि १९४४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेपूर्वीच्या वाटाघाटी तिथेच झाल्या.

एक सावधगिरी: इंग्रजी धाटणीच्या बागांत हिरवळीच्या टोकाला कधी कधी बुडीत भिंत असते. घराकडून पाहताना कुंपण दिसू नये आणि गुरे मात्र आत येऊ नयेत म्हणून एका बाजूने उभा चर खणलेला असतो. मुले पळताना तो अगदी शेवटी दिसतो.

संध्याकाळच्या मैफलीला जाताना काय लक्षात ठेवावे?

वेळेआधी पोचा. लाकडी जमीन करकरते, आणि उशिरा येणाऱ्याचे प्रत्येक पाऊल गायकाला ऐकू जाते. दिवाणखान्यातली मैफल सभागृहापेक्षा फार वेगळी असते: लाकडी तक्तपोशी, जाड पडदे, जवळची बैठक यांमुळे आवाज मऊ लागतो आणि श्वाससुद्धा ऐकू येतो. न्यूयॉर्कमध्ये हेन्री क्ले फ्रिक यांचे घर १९३५ मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले, आणि १९३८ पासून तिथे मैफली होत आल्या आहेत. संधी मिळाली तर अशा घरात एक तरी मैफल ऐकाच, नुसत्या दिवसाच्या भेटीत हे घर पूर्ण कळत नाही.

खऱ्या मेणबत्त्या, उदबत्ती, फटाके यांना परवानगी मिळणार नाही. विजेचा जादा भार टाकणारी सजावटही नाही. क्लँडनची आग तळघरातल्या विजेच्या फलकातून सुरू झाली होती.

वर्षातून काही आठवडे केंद्र बंद का असते?

साफसफाई. झुंबर खाली उतरवून एकेक लोलक पुसतात, गालिचे उलटतात, पुस्तकांची पाने मऊ ब्रशने झटकतात, वाळवी आणि कसर शोधतात. धूळ मुख्यतः आपणच आणतो, कपड्यांच्या तंतूंतून आणि पायांतून.

घरगुती समारंभासाठी दालन भाड्याने मिळते का?

अनेक ठिकाणी मिळते, आणि त्या उत्पन्नावर बरीचशी देखभाल चालते. बहुधा बाग, अंगण किंवा तबेल्याचे नूतनीकरण केलेले दालन देतात. मुख्य खोल्या देत नाहीत. स्वयंपाक, आवाज, पाहुण्यांची संख्या यांवर अटी असतात. त्या जाचक वाटत असतील तर दुसरे ठिकाण पाहिलेले बरे. कार्यक्रमाच्या दिवशी घासाघीस करण्यात दोघांचेही हाल होतात.

आम्हाला काही मदत करता येईल का?

तिकीट काढणे ही मदत आहेच. आठवड्यातून काही तास देता येत असतील तर स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. बागकाम, कागदपत्रांची यादी, पाहुण्यांना वाट दाखवणे, कामे पुष्कळ असतात. पण सर्वात मोलाचे जे आहे ते तुमच्या घरातल्या ट्रंकेत असू शकते. त्या हवेलीत नोकरीला असलेले आजोबा, तिथे शिकवणीला जाणारी आत्या, बागेतल्या समारंभाचा जुना फोटो. जीर्णोद्धार करणाऱ्यांना एखाद्या कठड्याची मूळ नक्षी किंवा खिडकीच्या झडपांची ठेवण अशाच फोटोच्या पार्श्वभूमीवर सापडते. मूळ प्रत आपल्याकडेच ठेवा आणि मोठ्या आकारात स्कॅन करून पाठवा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करायला विसरू नका. नावे आणि तारीख बहुधा तिथेच पेन्सिलीने लिहिलेली असते.